नदीला किती मीटर देणार?

लॉस एंजेलिस नदीचे छायाचित्र पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती नदी वाटतच नाही. दोन्ही काठांना काँक्रीटचे उतार, तळालाही काँक्रीट, मधोमध एक अरुंद चर आणि चरातून सरकणारे घोटाभर पाणी. उन्हाळ्यातले ते पाणीही बहुतेक शहराच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांतून सोडलेले असते. सुमारे ८२ किलोमीटर लांबीच्या या पात्राचा बराचसा भाग १९३८ नंतरच्या दोन दशकांत अमेरिकी सैन्याच्या अभियंता दलाने असा बांधून काढला. हे काँक्रीट फोडून नदी मोकळी करावी, अशी मागणी तिथे गेली तीस-चाळीस वर्षे चालू आहे. दुसरी बाजू म्हणते, हात लावाल तर शहर बुडेल.

माझे मत दोघांनाही रुचणारे नाही. काँक्रीट फोडावे, पण जिथे काठची जमीन ताब्यात आली आहे तिथेच आणि त्या जमिनीच्या मापानेच. जिथे जमीन नाही तिथे आहे ते पात्र नेटके राखावे आणि त्याच्या आत, वर किंवा काठावर नवे एक चौरस मीटरही बांधू देऊ नये. यामागे एक साधा हिशोब आहे. तो जाहीर वादात फारसा मांडला जात नाही, म्हणून तो इथे सविस्तर मांडतो.

आधी हे पात्र का बांधले ते पाहू. नदी उगमाकडच्या सॅन फर्नांडो खोऱ्यापासून लाँग बीचच्या समुद्रापर्यंत सुमारे २४० मीटर उतरते. म्हणजे किलोमीटरमागे जवळजवळ तीन मीटर. मोठ्या शहरातून जाणाऱ्या नदीसाठी हा उतार फारच तीव्र आहे. उत्तरेला सॅन गॅब्रिएल डोंगररांगेचे उभे, ठिसूळ कडे आहेत. पाऊस वर्षातले मोजके दिवस पडतो आणि पडतो तेव्हा डोंगराला अडून एकदम कोसळतो. त्यामुळे नदी महिनोन्‌महिने कोरडी आणि एका रात्रीत दुथडी. तिची जागाही ठरलेली नव्हती. १८२५ पर्यंत ती पश्चिमेला सांता मोनिकाच्या उपसागराला मिळत होती. त्या वर्षीच्या पुरात तिने वाट बदलली आणि दक्षिणेला सॅन पेड्रोकडे वळली. अशा नदीच्या दोन्ही बाजूंना, तिने स्वतः पसरवलेल्या गाळाच्या सपाटीवर, शहर वसत गेले.

१९१४च्या पुरानंतर १९१५ साली पूरनियंत्रणाचे स्वतंत्र खाते निघाले. १९३३च्या नोव्हेंबरात डोंगरावर वणवा लागला आणि १९३४च्या नववर्षाच्या रात्री जळक्या उतारांवरून चिखल, दगडगोटे आणि झाडांचे ओंडके मॉन्ट्रोजच्या वस्तीत घुसले. फेब्रुवारी-मार्च १९३८च्या पुराने त्या भागात शंभराहून अधिक माणसे मारली. दरम्यान १९३०मध्ये शहराच्या व्यापारी मंडळाच्या समितीने करवून घेतलेला एक आराखडा पुढे आला होता. नदीकाठची जमीन सार्वजनिक बागा म्हणून घ्यावी, पूर आला की तिथे पसरू द्यावा, एरवी लोकांनी ती वापरावी, अशी त्यात सूचना होती. जमीन त्या वेळी स्वस्त होती आणि बरीचशी रिकामी. आराखडा बाजूला पडला, काठच्या जमिनी विकल्या गेल्या, त्यावर रेल्वेचे यार्ड, कारखाने, घरे आली. १९३८ उजाडले तेव्हा अभियंत्यांपुढे फक्त एक अरुंद पट्टी उरली होती. त्या पट्टीतून सगळा पूर नेण्याचा एकच मार्ग होता, पाण्याचा वेग वाढवणे. काँक्रीट आले ते त्यासाठी. नदीवर सूड म्हणून ते ओतले गेले असे जे चित्र रंगवले जाते, ते चुकीचे आहे.

आता तो हिशोब. पात्रातून किती पाणी जाईल हे चार गोष्टींवर ठरते: रुंदी, खोली, तळाचा उतार आणि पृष्ठभागाचा खरखरीतपणा. शेवटच्यासाठी जगभर मॅनिंगचा गुणांक वापरतात. गुळगुळीत काँक्रीटसाठी तो ०.०१४च्या आसपास धरतात. दगडगोटे, गवत, झुडपे असलेल्या नैसर्गिक पात्रासाठी ०.०३५ किंवा त्याहून जास्त. उदाहरणादाखल १०० मीटर रुंद, उभ्या भिंतींचे, किलोमीटरला दोन मीटर उताराचे पात्र घेऊ, त्यात ५ मीटर पाणी आहे असे धरू. काँक्रीट असेल तर पाणी सेकंदाला सुमारे ८.७ मीटर, म्हणजे ताशी ३० किलोमीटरहून जास्त वेगाने जाते आणि विसर्ग दीड लाख क्युसेकच्या (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी) वर भरतो. तेच पात्र, तीच खोली, फक्त काँक्रीट काढून गोटे आणि झुडपे ठेवली, तर वेग साडेतीन मीटरवर येतो आणि विसर्ग जेमतेम ६० हजार क्युसेक उरतो. वरून येणारे पाणी मात्र दीड लाखच असते. राहिलेल्या ९० हजारांसाठी दोनच वाटा आहेत. पात्र १०० ऐवजी सुमारे २४० मीटर रुंद करायचे, किंवा पाण्याला जवळजवळ ९ मीटर चढू द्यायचे आणि भिंती त्याहून उंच बांधायच्या.

तर काँक्रीट काढण्याची खरी किंमत ही आहे: दर मीटर लांबीमागे १४० मीटर रुंदीची जमीन. काँक्रीट फोडणे स्वस्त आहे. महाग आहे ती १९३०मध्ये न घेतलेली जमीन.

आणखी एक अडचण आहे आणि ती तुकड्या-तुकड्याने काम करण्याच्या उत्साहाच्या थेट मुळावर उठते. वरच्या उदाहरणातले पाणी इतके वेगाने जाते की पाण्याच्या पृष्ठभागावरची लाटही उलट दिशेने वर जाऊ शकत नाही. याला अतिक्रांतिक प्रवाह म्हणतात. अशा प्रवाहाला पुढे काय वाढून ठेवले आहे याची चाहूल लागत नाही. मध्येच पाचशे मीटरचा टप्पा खरखरीत केला, किंवा पुलाच्या खांबाला ओंडके अडकले, की पाणी हळूहळू चढत नाही. ते जागच्या जागी उसळते. आपल्या उदाहरणात ५ मीटरचे पाणी अशा उसळीत ६.६ मीटरच्या पुढे जाते, वर लाटा वेगळ्या. काठ ५.५ मीटरवर संपत असेल तर पाणी तिथेच बाहेर पडते. शिवाय वळणावर बाहेरच्या बाजूला पाणी चढते ते निराळे. म्हणून अशा पात्रात 'एक छोटा हरित टप्पा करून पाहू' हा प्रयोग निरुपद्रवी नसतो. टप्पा करायचा तर त्याच्या वरच्या टोकाला प्रवाह संथ करणारी रचना लागते, टप्प्याची रुंदी आधीपासून वाढवावी लागते आणि खालच्या टोकाला पुन्हा गुळगुळीत पात्रात नेणारा निमुळता जोड लागतो. तिन्हींना जागा लागते.

याचा पुरावा नदीतच आहे. ग्लेनडेल नॅरोज नावाच्या टप्प्यात काठ काँक्रीटचे आहेत, पण तळ मोकळा आहे. तिथे भूजल इतके वर आहे की तळाला काँक्रीट टाकले असते तर खालच्या दाबाने ते उचलले गेले असते. आज तिथे विलोची झाडे आहेत, बगळे आहेत, उन्हाळ्यात लोक कायाक चालवतात. नदी कशी असू शकते हे दाखवण्यासाठी सगळे याच टप्प्याचे फोटो वापरतात. त्यात गैर काही नाही. पण तिथेच अरुंडो नावाचे बाहेरून आलेले उंच, बांबूसारखे गवतही माजते, त्यात कचरा आणि गाळ अडकतो आणि पात्राची क्षमता घटते. २०१६च्या जानेवारीत एल निन्योच्या पावसाची भीती होती तेव्हा अभियंता दलाने याच भागात सुमारे पाच किलोमीटर काठावर मातीने भरलेल्या चार फुटी जाळीच्या पेट्या रांगेने मांडल्या आणि झाडोरा घाईघाईने उपटला. ज्या टप्प्याचे कौतुक होते, त्याच टप्प्यावर काठ उंच करावे लागले. मोकळा तळ हवा असेल तर त्याच्या देखभालीचा दरवर्षीचा खर्च अंदाजपत्रकात कायमचा लिहावा लागतो. उद्घाटनाच्या वर्षी तो सगळे लिहितात. पाचव्या वर्षी कोणी लिहीत नाही.

काँक्रीट आहे तसे राहू द्या म्हणणाऱ्यांचाही हिशोब अपुरा आहे. काँक्रीटची फरसबंदी म्हणजे सांधे असलेल्या लाद्या. सांध्यातले भरण झिजले की वेगाचे पाणी आत शिरते, खालची माती धुते आणि लादीखाली पोकळी होते. खालून येणारे पाणी निघून जावे म्हणून ठेवलेली छिद्रे गाळाने बुजली तर पूर ओसरताना उलटा दाब येतो आणि लादी उचलली जाते. डोंगरातून येणारे गोटे पृष्ठभाग खरवडतात, मग गुणांक ०.०१४ राहत नाही. गोटे आणि चिखल वरच अडावा म्हणून डोंगराच्या तोंडाशी दीडशेहून अधिक गाळ-कुंड्या बांधल्या आहेत. वणव्यानंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात त्या भरतात आणि पुढच्या वादळाआधी उपसल्या नाहीत तर निरुपयोगी. उपसलेला गाळ टाकायचा कुठे, हा प्रश्न तिथेही सुटलेला नाही.

शिवाय मूळ पात्र पुरले नाहीच. खालच्या भागाची क्षमता १,४६,००० क्युसेक धरलेली होती. शहर वाढले, डांबर आणि छपरे वाढली, पाणी जास्त आणि लवकर येऊ लागले. शेवटी लाँग बीचच्या बाजूला काठांवर दोन ते आठ फूट उंचीच्या भिंती चढवल्या, काही पूल बदलले आणि क्षमता १,८२,००० क्युसेकवर नेली. २००२च्या सुमारास हे काम संपले. त्यातून मिळालेले संरक्षण १३३ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराइतके मानले जाते. ऐकायला मोठे वाटते, पण याचा अर्थ दरवर्षी पाऊण टक्का शक्यता, आणि तीस वर्षांचे गृहकर्ज फिटेपर्यंत पाचात एक. काठावर भिंत चढली की आतल्या गटारांचे पाणी आपोआप नदीत पडत नाही. त्यासाठी झडपा आणि पंपगृहे लागतात. ऐन पुरात वीज गेली तर भिंतीच्या आतल्या बाजूला तळे.

इथे प्रश्न पाण्याचा राहत नाही. खालच्या काठाला साउथ गेट, पॅरामाउंट, कॉम्प्टन, लाँग बीच या वस्त्या आहेत, बहुतांशी कष्टकरी, लॅटिनो आणि कृष्णवर्णीय. २०२२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या संशोधकांनी मांडलेल्या अभ्यासानुसार शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरात लॉस एंजेलिस परिसरात दोन लाखांपासून पावणेनऊ लाखांपर्यंत लोक फूटभर किंवा त्याहून जास्त पाण्यात सापडू शकतात. मधला अंदाज सव्वाचार लाखांचा. हा आकडा सरकारी पूरनकाशांपेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि खोल पाण्याचा धोका कृष्णवर्णीय वस्त्यांना अधिक. नदी मोकळी करण्याचा पैसा मात्र प्रामुख्याने वरच्या ग्लेनडेल नॅरोजभोवती गोळा झाला. १७-१८ किलोमीटरच्या त्या टप्प्याची १.३ अब्ज डॉलरहून मोठी योजना २०१६मध्ये अमेरिकी संसदेने मंजूर केली. योजना चांगली आहे. पण वर बाग फुलल्यावर तिथली घरभाडी वाढतात आणि खाली पाणी तेवढेच येते. खालच्या वस्त्यांसाठी काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाच्या, २०२२च्या आराखड्यात पर्याय सुचवला तो पात्रावर खांब उभारून त्यावर बागा करण्याचा. जमीन नाही, म्हणून पाण्याच्या डोक्यावर बाग. हे मला पटत नाही. प्रत्येक खांब प्रवाहात अडथळा आहे, अतिक्रांतिक प्रवाहात तर उसळीला निमंत्रण. दुसरे म्हणजे पात्रावर छत आले की ते पात्र पुढे कधीही रुंद करता येणार नाही. ज्यांना सावली आणि झाडे हवीत त्यांना ती काठच्या गोदामांच्या जागा विकत घेऊन द्यावीत.

हे शक्य आहे. टेलर यार्ड नावाच्या जुन्या रेल्वे यार्डातली ४२ एकर जमीन लॉस एंजेलिस महापालिकेने २०१७मध्ये सुमारे सहा कोटी डॉलरना घेतली. माती तेलाने आणि जड धातूंनी दूषित आहे, ती साफ करण्यात वर्षे जाणार. तरीही शहराने नदीसाठी केलेल्या कामांत मला हेच सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण इथे पात्राला खरोखर रुंदी मिळते. अशा वीस खरेद्या हव्यात, आणि त्यांतल्या बऱ्याच खालच्या भागात.

वरून येणारे पाणी कमी करण्याचे कामही चालू आहे आणि त्याबद्दल काउंटीला दाद द्यावी लागेल. २०१८मध्ये मतदारांनीच एक कर मंजूर केला: खासगी जमिनीवरच्या पाणी न जिरणाऱ्या प्रत्येक चौरस फुटाला वर्षाला अडीच सेंट. त्यातून वर्षाला २८ कोटी डॉलरच्या आसपास जमतात आणि ते पाणी जिरवण्याच्या कामांवर खर्च होतात. तुहुंगाच्या ओढ्यालगत दीडशे एकरांवर पसरलेली जिरवण-तळी आहेत, त्यांची क्षमता वाढवली आहे. पण फसवणूक नको: अशी तळी काहीशे क्युसेक आत घेतात. दीड लाख क्युसेकच्या शिखरापुढे हा आकडा नगण्य आहे. जिरवण दुष्काळावरचा उपाय आहे, छोट्या पावसावरचा उपाय आहे. महापूर त्याने अडत नाही.

जागा राखली तर काय होते हे व्हिएन्नात दिसते. १८७०-७५च्या सुमारास तिथे डॅन्यूब सरळ केली तेव्हा डाव्या काठाला सुमारे ४५० मीटर रुंदीची गवताळ पट्टी पुरासाठी मोकळी सोडली. शंभर वर्षे तिथे कोणी बांधले नाही. १९५४च्या पुरानंतर संरक्षण अपुरे ठरले, तेव्हा १९७२ ते १९८८ या काळात त्याच पट्टीत २१ किलोमीटर लांब, सुमारे २०० मीटर रुंद दुसरे पात्र खणले आणि निघालेल्या मातीचे दोन पात्रांमध्ये बेट केले. एरवी या नव्या पात्राची दारे बंद असतात, त्यात लोक पोहतात. पूर आला की दारे उघडतात. दोन्ही पात्रे मिळून सेकंदाला १४,००० घनमीटर पाण्यासाठी आखली आहेत, म्हणजे जवळजवळ पाच लाख क्युसेक. काँक्रीटच्या गुळगुळीतपणाची तिथे गरज पडली नाही, कारण एकोणिसाव्या शतकातल्या कोणीतरी रुंदी सोडली होती आणि मधल्या चार पिढ्यांनी ती खाल्ली नाही.

आता आपल्याकडे. मुंबईत २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि १७.८ किलोमीटरची मिठी नदी शहरात शिरली. त्यानंतर रुंदीकरण, खोलीकरण झाले आणि संरक्षक भिंती उभ्या राहिल्या. रुंदीकरण आवश्यक होते. भिंतींबद्दल मात्र लॉस एंजेलिसचा हिशोब इथे चालत नाही. तिथे काँक्रीट काम करते ते तीव्र उतारामुळे. मिठीच्या खालच्या टप्प्यात पाण्याची पातळी तळाचा उतार ठरवत नाही, माहीमच्या खाडीतली भरती ठरवते. त्या दिवशी दुपारी भरती जवळजवळ साडेचार मीटरची होती. समुद्रच दार लावून बसला असताना पात्र कितीही गुळगुळीत असो, पाणी जाणार कुठे? अशा वेळी पाण्याला तीन-चार तास थांबायला जागा हवी असते. ती जागा खारफुटी आणि दलदलीची होती, तिच्यावर भराव पडून वांद्रे-कुर्ला संकुल उभे आहे. विमानतळाजवळची काटकोनी वळणे तशीच. म्हणजे उताराचा फायदा नाही आणि भिंतीचे तोटे मात्र सगळे पदरात: कुर्ल्याच्या वस्तीतला पाऊस भिंतीच्या आत तुंबतो, झडप गाळाने अडते, पंप लागतात.

पुण्यात मुठेची निळी पूररेषा (जिच्या आत बांधकामाला बंदी असते ती) ६० हजार क्युसेकची आणि लाल एक लाखाची. २०२४च्या जुलैत खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडले, खालच्या भागातल्या पावसाची त्यात भर पडली आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी गेले. निळ्या रेषेच्या आकड्याच्या पुष्कळ आधी. राडारोडा, भराव, पात्रातले रस्ते यांनी पात्र किती आखडले आहे, हे त्या दिवशी मोजून मिळाले. याच मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटरवर नदीकाठ सुधार प्रकल्प चालू आहे.

म्हणून अशा प्रकल्पांच्या सुनावणीत नागरिकांनी झाडे किती तोडणार एवढ्यावर थांबू नये. पात्राची रुंदी-खोली दाखवणारे, दर शंभर मीटरवरचे आजचे आणि उद्याचे आडवे छेद मागावेत. कमाल विसर्ग किती धरला, खालच्या टोकाला पाण्याची पातळी किती धरली, पुलांच्या खांबांना कचरा अडकल्यावरची पातळी काढली का, हे विचारावे. आणि खरखरीतपणाचा गुणांक विचारावा. संगणकावरच्या प्रारूपात स्वच्छ, धुतलेल्या पात्राचा आकडा घातला तर कुठलाही आराखडा पूर पार करून जातो. जूनमध्ये त्या पात्रात जलपर्णी, दोन वर्षांचा गाळ आणि भरावाचे ढीग असतात. ०.०२ धरलेला आकडा प्रत्यक्षात ०.०४ निघाला, तर ६० हजार क्युसेकसाठी आखलेल्या पात्रातून तेवढ्याच खोलीला ३० हजार जातात. उरलेल्या ३० हजारांसाठी कोणत्या सोसायट्यांचे तळमजले धरले आहेत, ते नकाशावर गट क्रमांकासह दाखवा, ही मागणी लेखी द्यावी आणि उत्तरही लेखीच घ्यावे.